पाठ

अर्जात रकाना होता: हुद्दा.
ओर्सोला दि रोंको, वय सत्त्याहत्तर, म्हणाली,
"अठ्ठावीस लिहा."
बाई, हुद्दा विचारलाय, आकडा नव्हे.
तिने बाही वर सारली, जणू ती तांबडी पट्टी
अजून दंडाला बांधलेली होती.
"याच नावाने हाक मारायचे मला."

मी उदिनेचा, सपाटीवरचा माणूस.
कार्नियाच्या या डोंगरात
कचेरीचा जिना चढतानाच मला धाप लागते.

"आईला माझ्या पाठीवर तीन मुलगे झाले.
माझ्या पाठीवर आली ही टोपली, गेर्ला,
सातव्या वर्षी. आधी शेण, मग गवत, मग सरपण,
एकदा पाय मोडलेली गाभण शेळी.
पंधरा सालच्या उन्हाळ्यात शिपाई दारात येऊन म्हणाला,
वर पोरं उपाशी आहेत, खेचरं चढत नाहीत.
खेचरं चढेनात, तेव्हा आम्हाला विचारलं.
हे लिहा."

रकान्यात मावेना. समासात लिहिलं.

पहाटे तीनला निघायच्या.
पाव, चुना, तारेचं भेंडोळं, काडतुसं,
पायांत चिंध्यांवर चिंध्या शिवलेले जोडे,
बर्फाला चाहूल न लागू देणारे.
हात मोकळे, म्हणून चढताना मोजे विणायच्या.
शस्त्र? मी वाचलं.
"चार सुया. पाचवी पास्काकडे होती."

पास्काचं मी विचारलं नव्हतं.
शेळीच्या दुधाचं काहीतरी सांगता सांगता
तीच वळली तिकडे:
"झऱ्यापाशी टेकली ती, टोपली न उतरवता,
दगडाला भार देऊन. गोळी आली ती ऐकूसुद्धा आली नाही.
पट्ट्यांनी तिला पडू दिलं नाही. मी दोनदा म्हटलं, चल.
मोजा टाचेपर्यंत झाला होता.
टाच मी वळवली. पंजाही मीच मिटवला.
पण एकाच पायाचा मोजा द्यायचा कुणाला?
पुढच्या आठवड्यात स्ट्रेचरवरून एक पोर खाली आणलं,
कुठल्या दक्षिणेकडचं, त्याची बोलीही कळेना.
त्याला एकच पाय राहिला होता.
मोजा घातला तेव्हा हसायला लागला,
गाव येईपर्यंत हसत होता.
मग आम्ही ऐकेनाशा झालो."

पती?
"बातिस्ता. गवंडी.
दर मार्चात खिंडीपलीकडे जायचा, ऑस्ट्रियात,
चुली आणि धुराडी बांधायला.
तिथली एक नोटबुर्गा, पाववाल्याची विधवा,
त्याच्याबरोबर आंबवलेल्या कोबीची बरणी धाडायची मला.
मी वाळवलेली नासपती पाठवायचे.
मीठ खाल्लेलं आम्ही त्या घराचं.
आणि माझ्या टोपलीत तोफेचे गोळे.
तोफेला काय ठाऊक कुठलं धुराडं कुणी रचलंय!
वर पोचून एकेक गोळा काढून द्यायचे,
प्रत्येकाला हळूच सांगायचे,
जा बाबा, पण धुराड्यावर नको."

मोबदला घेतला होता का?
"एका खेपेला दीड लिरा. त्याची शेळी घेतली.
सतरा साली आपली फौज पळाली, आम्ही राहिलो.
पलीकडचे आले, त्यांनी शेळी खाल्ली.
लढाई संपल्यावर बातिस्ता आला, धड हातापायांनी,
आणि वीसच्या मार्चात पुन्हा खिंड चढला.
काम उदंड होतं म्हणाला,
बरीच धुराडी पडली होती.
कुठल्या गावातली, मी विचारलं नाही.
बरणी मात्र परत कधी आली नाही."

पदकाचं चित्र दाखवलं तिला. चष्मा नव्हता,
बोटाने चाचपलं कागदावर.
"हे पुढून लावायचं?" म्हणाली. "सवय नाही."

दाराशी सलगमांची टोपली ठेवली होती तिने.
उचलून द्यायला गेलो, जमिनीपासून वीतभर हलली.
तिने गुडघे वाकवले, पट्ट्यांत खांदे घातले,
आणि माझ्याकडे पाठ करून उतरणीला लागली.

सेवासमाप्तीचा दिनांक मी कोरा ठेवला.
महिन्याने अर्ज उदिनेहून परत आला:
अपूर्ण. आणि समासात काही लिहू नये.